पंधरा रुपयांत मळवली, मग हजाराची वर्गणी कशाला?

खिडकीची जागा :
आमच्या होस्टेलवर दर शुक्रवारी रात्री ठरलेलं नाटक असतं. कोणीतरी म्हणतं, "रविवारी कुठंतरी जाऊ या." पाच मिनिटांत दहा जण तयार. मग एक जण भाड्याच्या बाइकचा हिशेब मांडतो, दुसरा म्हणतो त्यापेक्षा एकच मोठी गाडी करू, आणि माणशी सात-आठशेचा आकडा निघाला की एकेकाला अभ्यास आठवायला लागतो. अभ्यास कोणालाच नसतो. महिनाअखेर असते. पण ते तोंडाने कोण म्हणणार?

माझं मत असं की पुण्यात शिकणाऱ्या पोराने एका दिवसाच्या सहलीसाठी लोकल, पीएमपी (शहर बस) आणि एसटी सोडून दुसऱ्या कशाचा विचारच करू नये. पुणे-लोणावळा लोकलचं साधं तिकीट १५ रुपये. शिवाजीनगरला बसा, मळवलीला उतरा, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडा आणि चालत चालत भाजे लेण्यांच्या पायऱ्यांशी या. लेण्यांचं तिकीट २५. चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या छताला लाकडी फासळ्या आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या, अजून जागच्या जागी. त्या बघायच्या, खाली उतरून झाडाखाली मेसचा डबा सोडायचा, वडापाव-चहाला पन्नास घाला. झाले १०५. शंभराची नोट आणि वर पाचचं नाणं.

पायांत जोर असेल तर गायमुख खिंडीतून लोहगड. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. विरोध खुशाल करा, पण हिशेब मांडून करा.

एमएच बारा :
हिशेब मांडूनच करतो. मळवली जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर धर. माझी गाडी पंचेचाळीस देते, म्हणजे पावणेतीन लिटर, तीनशेच्या आत. मागे एक जण बसला की माणशी दीडशे. तुझ्यापेक्षा १२० रुपये जास्त. त्या १२० मध्ये मी भाजे, कार्ले, बेडसे तिन्ही एका दिवसात उरकतो. तू कामशेतला उतरून बेडशाला कसा जाणार ते सांग. आणि दुपारच्या लोकलबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस. सकाळ-संध्याकाळ गाड्या आहेत, मधल्या वेळात फलाटावर बसून कुत्री मोजायची. तो वेळ फुकट आहे का?

खिडकीची जागा :
तीन लेणी एका दिवसात उरकणं म्हणजे तीन लेण्यांचं पार्किंग बघणं. कार्ल्यात माझे एकट्याचे दोन तास गेले. खांबांवर ब्राह्मीत दात्यांची नावं आहेत, त्यात धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीक लोक आहेत. व्हरांड्यात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे, की हे शैलगृह अख्ख्या जंबुद्वीपात उत्तम आहे. स्वतःच्या बांधकामाची जाहिरात करायची हौस किती जुनी बघा! हे वाचायला वेळ लागतो राव.

आणि तुझ्या हिशेबात फक्त पेट्रोल आहे. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग कोण भरतं?

एमएच बारा :
हप्त्यावर नको बोलूस, दुखतं. पण दुपारच्या लोकलचं उत्तर अजून आलेलं नाही.

दंड भरलेला :
त्याचं उत्तर मी देतो, माझ्या खिशातून गेलंय ते. आम्ही तिघं लोणावळ्याला. परतीची लोकलची तिकिटं हातात, लोकलला अजून बराच वेळ. तेवढ्यात पुण्याकडे जाणारी एक्सप्रेस लागली. "पाऊण तासाचा तर प्रश्न आहे" म्हणून चढलो. खडकी यायच्या आधी टीसी आला. कमीत कमी दंड २५० आणि वर भाडं, माणशी. चूक सगळी आमचीच, पण शंभर रुपयांची सहल बघता बघता चारशेवर गेली. स्वस्त सहल म्हणणाऱ्याने जायचं तिकीट सांगू नये. यायचं कसं, ते आधी सांगावं.

निवृत्त मास्तर :
मुलांनो, पन्नास-साठ किलोमीटर जाऊन लेणी बघता, जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर कितींनी आत जाऊन पाहिलंय? अखंड खडकात कोरलेलं आहे, तिकीट नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायला पैसे पडत नाहीत. केळकर संग्रहालयात एक दिवस पुरत नाही. आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई देसाई आणि कस्तुरबांच्या समाध्या आहेत, नगर रस्त्याने रोज जाणाऱ्यांना ठाऊक नसतं. मेट्रोला शनिवार-रविवारी तीस टक्के सवलत आहे. शहर सोडण्याचा हा हट्ट मला कळत नाही.

एमएच बारा :
काका, रविवारी शहरातच फिरलं तर त्याला सहल म्हणत नाहीत, उनाडक्या म्हणतात.

निवृत्त मास्तर :
आमच्या वेळी दोन्हीला एकच शब्द होता, आणि दोन्हीसाठी घरी मार मिळायचा.

गेट साडेआठला :
पंधरा रुपयांचं कौतुक मला कोणी सांगू नका. मुलींना तर एसटीत निम्मं तिकीट आहे, १७ मार्च २०२३ पासून. जुन्नरचं दीडशेच्या घरातलं तिकीट मला पाऊणशेच्या आसपास पडतं. म्हणजे दादा, पैशाच्या हिशेबात मी तुमच्याही पुढे आहे. तरी गेल्या वर्षभरात मी शिवनेरीला एकदाच गेले, आणि ते चौघींनी पैसे घालून केलेल्या गाडीने.

कारण सांगते. आमचं गेट साडेआठला बंद होतं. मुलांच्या होस्टेलला उशीर झाला की वहीत सही करून आत घेतात, आम्हाला घरी फोन जातो. एकदा गेलाय. तेव्हा आईला वाटलं काहीतरी झालं, आणि झालं होतं एवढंच की बस चाकणच्या वाहतुकीत अडकली. शिवाजीनगरचं स्टँड डिसेंबर २०१९ मध्ये वाकडेवाडीला हलवलं, तिथून होस्टेलपर्यंत पुन्हा बस किंवा रिक्षा. हे सगळं मागे मोजत गेलं की जुन्नरहून तीन-साडेतीनलाच निघावं लागतं. म्हणजे गडावर शिवाई देवीचं दर्शन घ्यायचं, शिवजन्मस्थानापाशी फोटो काढायचा आणि पळायचं. अंबरखाना, कडेलोट टोक, काही नाही.

दुसरं म्हणजे पाणी. बाटली भरून घ्या असं सगळेच सांगतात. आम्ही दिवसभर पाणी पीत नाही, कारण स्वच्छतागृह कुठे आणि कसं असेल याचा भरवसा नसतो. उन्हाळ्यात गड चढताना याचा काय परिणाम होतो ते विचारू नका.

तेव्हा गाडीचे जे जास्तीचे पैसे आम्ही देतो ते सहलीचे नसतात, गेटच्या वेळेचे असतात.

खिडकीची जागा :
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आमच्याकडे साडेदहाला पण आत घेतात. पण मग पहाटे लवकर निघून जमणार नाही का?

गेट साडेआठला :
गेट सहाला उघडतं. तुम्ही पहाटेची लोकल पकडता तेव्हा आम्ही कुलपाच्या आत असतो. त्यातल्या त्यात जमतं ते सिंहगडाचं. स्वारगेटहून ५० नंबरची बस, पायथ्याला उतरायचं, आतकरवाडीच्या वाटेने चढायचं, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, दुपारी तीनपर्यंत खाली. शेवटची बस हुकली तरी गावातून कुठलीतरी शेअर जीप मिळते. पण सारखं सारखं सिंहगड किती वेळा करणार?

एमएच बारा :
सिंहगडाचा विषय निघालाच आहे तर मे २०२२ आठवा. गडावर खासगी गाड्या बंद करून ई-बस सुरू केल्या होत्या. पंधरवड्यात गुंडाळलं. सार्वजनिक वाहतुकीच्या नावाने जेव्हा कधी असं धाडस होतं, तेव्हा वाट बघत उन्हात उभा राहतो तो प्रवासीच.

खिडकीची जागा :
तो अनुभव बसच्या कल्पनेविरुद्ध नाही, अपुऱ्या बसविरुद्ध आहे. आणि ५० नंबरने पायथ्याला जाणाऱ्याला घाटातल्या नाक्यावर दुचाकीचे ५० रुपये भरावे लागत नाहीत, हे पण हिशेबात घे. शिवाय पीएमपीचा ७० रुपयांचा दिवसभराचा पास आहे.

दंड भरलेला :
थांब, यात पण माझ्यासारखं कोणीतरी अडकेल. ७० चा पास दोन्ही महापालिकांच्या हद्दीपुरता आहे. हद्दीबाहेर जायचं तर १५० चा लागतो. सिंहगडाला जाऊन-येऊन सुटी दोन तिकिटं काढली तर त्यापेक्षा कमीत होतं. देहू-आळंदी-शहर असं दिवसभर हुंदडणार असाल तरच कुठला पास ते बघा, आणि चढताना कंडक्टरला विचारा. लाजायचं नाही. मी लाजलो होतो.

वेरूळ रोड :
तुमच्या भांडणात पुण्याबाहेरचा महाराष्ट्र दिसला नाही म्हणून लिहितेय. मी छत्रपती संभाजीनगरला एमए करते. आमच्या विद्यापीठाच्या मागच्या डोंगरातच लेणी आहेत, पायी जातो. मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नड-चाळीसगावकडे जाणारी कुठलीही साधी एसटी वेरूळला सोडते, तीसेक किलोमीटर. वाटेत देवगिरी. वेरूळचं तिकीट ४० रुपये, मंगळवारी बंद असतं. हे न बघता गेलेले पाहुणे मी दरवर्षी घृष्णेश्वराच्या दारात हिरमुसलेले बघते.

पण गेटच्या बाबतीत ताई म्हणते तेच खरं. अजिंठ्याचं बघा. शंभर किलोमीटर, सोमवारी बंद, आणि एसटी फर्दापूरच्या फाट्यावर उतरवते. तिथून लेण्यांपर्यंत पुन्हा दुसरी बस, पुन्हा वेगळं तिकीट. संध्याकाळी त्या फाट्यावर हात दाखवत उभं राहायचं आणि जळगावहून येणारी बस भरलेली असेल तर ती थांबतही नाही. वेरूळ एसटीने, अजिंठा मैत्रिणींबरोबर गाडी करून, असा आमचा सरळ नियम आहे. सगळीकडे एकच तत्त्व लावायला ही काय परीक्षा आहे का?

भाजेगावचा :
मी भाज्याचाच. तुमचं वाचून गंमत वाटली. गाववाल्याच्या बाजूने सांगतो.

लोकलने येणारी पोरं चालत येतात, चहा पितात, भजी खातात, पुढं जातात. त्यांचा त्रास एवढाच की पाण्याच्या बाटल्या लेण्याच्या वाटेवर टाकतात. गाड्यावाले पावसाळ्यातल्या रविवारी आले की लोहगडाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी लावतात, आणि मग आमच्या घरातलं आजारी माणूस दवाखान्यात न्यायचं म्हटलं तरी गाडी निघत नाही. पेट्रोलचा हिशेब मांडणाऱ्या दादाने हा पण मांडावा.

पण लोकलवाल्याचं एक मला पटत नाही. रविवारच का? ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागे एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो रविवार होता. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा पूल गर्दीसकट इंद्रायणीत पडला, चार जण गेले, तो पण रविवार. बेगडेवाडी स्टेशनवरून चालत जाण्यासारखी जागा, म्हणजे तुमच्यासारखीच पोरं तिथं जातात. तुम्हाला कॉलेजात मधल्या वारी एखादी सुट्टी मिळतेच ना? बुधवारी या. धबधबा तोच असतो.

एमएच बारा :
पार्किंगचं मान्य. मी गावाबाहेर लावतो, पण सगळे लावत नाहीत हे खरं. मधल्या वारी मात्र प्रॅक्टिकल असतात आमची, पंचाहत्तर टक्के हजेरी कोण भरणार?

खिडकीची जागा :
भाजेगावचे दादा, बुधवार लिहून घेतला. आर्ट्सवाल्यांना जमेल.

आणि सुरुवातीचं माझं वाक्य मागे घेतो, अर्धं. "दुसऱ्या कशाचा विचारच करू नये" हे मुलांच्या होस्टेलवर बसून लिहिलं होतं. वर्गणीबद्दल मात्र बोलणं तेच. गाडी करायची तर जरूर करा, पण आधी ग्रुपवर लोकलचा पर्याय पण टाका. म्हणजे ज्याला महिनाअखेर आहे त्याला अभ्यासाचं नाव पुढे करावं लागणार नाही.

गेट साडेआठला :
बुधवारी आमच्या तिघींचं लेक्चर अकराला संपतं. मळवलीहून संध्याकाळी पाचच्या सुमारास लोकल मिळाली तर गेट गाठता येतं. सध्याचं वेळापत्रक कोणाकडे आहे का? नेटवर तीन वेगवेगळी सापडली, तिन्ही जुनी वाटतात. आणि भाज्याच्या पायथ्याला स्वच्छतागृह आहे का, चालू स्थितीतलं?

भाजेगावचा :
स्टेशनवर बोर्ड लावलाय, उद्या दूध घालायला जाईन तेव्हा फोटो काढून इथं टाकतो. दुसऱ्याचं म्हणाल ताई, तर पायथ्याला आमच्या वहिनीचं हॉटेल आहे, घरातलंच वापरा, पोरीबाळी तिथंच थांबतात. आणि चपला घालून येऊ नका. पायऱ्यांवर शेवाळ धरलंय.