यॉर्कशायर डेल्समधील शांत सायकलवाटा : सोसायटीच्या सायकल ग्रुपवरील चर्चा

सी-७०४ : सर्वांना नमस्कार. जूनमध्ये आम्ही दोघे मुलीकडे लीड्सला जात असून, तिथून जवळ असलेल्या, उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर डेल्सच्या डोंगराळ भागात तीन-चार दिवस सायकल चालवावी असा विचार आहे. ह्यांचे वय चौसष्ट आहे. चढाची आम्हांला भीती नाही, मात्र मोटारींच्या वर्दळीत सायकल चालवण्याची अजिबात इच्छा नाही. ए-२०१ मधील काका त्या भागात बरीच वर्षे राहिलेले आहेत, त्यांनी कृपया मार्ग सुचवावेत.

ए-२०१ : ताई, अगदी योग्य महिना निवडला आहे. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी विश्रांती घेऊन संध्याकाळी सहानंतर पुन्हा निघता येते आणि त्या वेळी लहान रस्त्यांवर जवळजवळ कोणीच नसते. शांतता हवी असेल तर एक नियम लक्षात ठेवावा : तिथल्या मोठ्या दऱ्यांमध्ये बहुधा नदीच्या दोन्ही काठांनी रस्ते गेलेले असतात. एका काठाने क्रमांक असलेला मुख्य रस्ता जातो आणि दुसऱ्या काठाने जुना, अरुंद, गावाला गाव जोडत जाणारा रस्ता जातो. मोटारी पहिल्याने जातात, आपण दुसऱ्याने जायचे.

व्हार्फडेल, म्हणजे व्हार्फ नदीची दरी, हे याचे उत्तम उदाहरण आहे. ग्रासिंग्टनहून केटलवेलला जाणारा बी-६१६० हा रस्ता नदीच्या पश्चिमेने जातो आणि शनिवार-रविवारी त्याच्यावर मोटारींची व मोटारसायकलींची रांग लागलेली असते. पूर्वेच्या काठाने मात्र ग्रास वुड नावाच्या जुन्या जंगलातून कॉनिस्टोनमार्गे जाणारा रस्ता आहे. अंतर साधारण दहा किलोमीटर, चढउतार सौम्य, दोन्ही बाजूंना चुन्या-सिमेंटाविना रचलेले दगडी गडगे. कॉनिस्टोनच्या अलीकडे-पलीकडे नदीपल्याड किलन्सी क्रॅग हा सुमारे ५० मीटर उंचीचा, रस्त्यावर झुकल्यासारखा चुनखडीचा कडा दिसतो. मुख्य रस्त्यावरून जाणारे त्याच्या अगदी पायथ्याशी असल्यामुळे त्यांना तो धड दिसत नाही; पलीकडच्या काठावरून तो संपूर्ण दिसतो. केटलवेलला चहा घ्यावा आणि त्याच वाटेने परत यावे. पहिल्या दिवसासाठी हे पुरेसे आहे.

बी-११०१ : काका, २०१४ साली टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीची सुरुवात लीड्समधून झाली आणि पहिल्याच टप्प्यात बटरटब्स घाटाचा समावेश होता. तो ५२६ मीटर उंचीवरचा रस्ता सोडून नदीकाठचे रस्ते सुचवणे मला थोडे अन्यायाचे वाटते. इतक्या लांब जाऊन तो घाट चढलाच पाहिजे.

ए-२०१ : तुझे म्हणणे मी समजू शकतो, आणि तो घाट सुंदर आहे यात वाद नाही. रस्त्यालगत चुनखडीत पडलेली खोल, उभ्या भिंतींची विवरे आहेत, त्यांच्यासाठी तरी तिथे थांबावे. परंतु ताईंचा प्रश्न शांत रस्त्यांचा आहे, आणि स्पर्धेनंतर तो रस्ता जगभरच्या सायकलस्वारांना माहीत झाला आहे. शिवाय त्याच्या पायथ्याचे हॉज हे गाव सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलस्वारांनी भरलेले असते. ज्यांना तो चढायचाच आहे त्यांनी मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी लवकर चढावा. माझ्या मते डेल्सचे खरे वैभव प्रसिद्ध चढांवर नसून, जे रस्ते एखाद्या मेंढपाळाच्या घरापर्यंत जातात आणि तिथून पुढे कसेबसे डोंगर ओलांडतात, त्यांच्यावर आहे.

तसा एक संपूर्ण फेरा सांगतो. सेटल हे रेल्वेचे गाव आहे आणि लीड्सहून तासाभराच्या अंतरावर आहे. तिथून लँगक्लिफमार्गे चढून पठारावर यावे आणि मॅलम टार्न या ३७७ मीटर उंचीवरच्या तळ्याजवळून पुढे डार्नब्रूकचे एकुलते एक शेतघर ओलांडून आर्नक्लिफला उतरावे. आर्नक्लिफपासून लिटनडेलच्या दरीतून हॉल्टन गिलपर्यंत जाऊन, तिथून डावीकडे वळून पुन्हा चढावे. हा रस्ता पेन-ई-गेंट या ६९४ मीटर उंचीच्या डोंगराच्या कुशीतून स्टेनफर्थला उतरतो आणि तिथून सेटल अगदी जवळ आहे. एकूण अंतर पन्नास किलोमीटरच्या आत भरते. मात्र दोन मोठे चढ असल्यामुळे सबंध दिवस हाताशी ठेवावा. या फेऱ्यातले चढ काही ठिकाणी फार उभे आहेत. आपल्या सह्याद्रीतले घाटरस्ते वळणे घेत बेताने चढतात. तिथले जुने रस्ते पायवाटांवरून आणि गुरांच्या वाटांवरून झालेले असल्यामुळे सरळ डोंगराच्या अंगावर जातात. पुढे ३४ दातांची आणि मागेही निदान ३४ दातांची चकती असलेली सायकल भाड्याने घ्यावी. चढाच्या ठिकाणी उतरून सायकल ढकलत नेण्यात काहीही कमीपणा नाही.

डी-१०२ : चढापेक्षा मला पाण्याची आणि खाण्याची काळजी वाटते. इतक्या निर्जन रस्त्यावर वाटेत दुकान असते का?

ए-२०१ : वहिनी, हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. पठारावर दुकान नसते आणि पिण्यायोग्य पाणीही नसते. सेटल सोडताना प्रत्येकी दोन बाटल्या भरून घ्याव्यात आणि खाण्याचे सोबत ठेवावे. कुठे ओहोळ दिसला तरी वरच्या बाजूला मेंढ्या चरत असतात, म्हणून ते पाणी पिऊ नये. पाऊस भरपूर पडूनही वर पाणी का टिकत नाही हे बी-६०३ मधील सर अधिक चांगले सांगतील, त्यांनी भूशास्त्र शिकवलेले आहे.

बी-६०३ : आठवण ठेवल्याबद्दल आभार. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. डेल्सची चुनखडी त्याहून कितीतरी जुनी, सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात शिंपले आणि इतर जीवांच्या कवचांपासून साचलेली आहे. पावसाच्या पाण्यात हवेतला व मातीतला कर्बद्विप्राणील वायू (कार्बन डायऑक्साइड) विरघळून ते किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडीच्या भेगा हळूहळू विरघळवून रुंद करते. त्यामुळे पाणी पृष्ठभागावरून वाहण्याऐवजी खाली उतरते, आत गुहा आणि भुयारी प्रवाह तयार होतात, आणि वर कोरड्या दऱ्या उरतात. मॅलम टार्नमधून बाहेर पडणारा ओढा थोड्याच अंतरावर जमिनीत गडप होतो. मॅलम कोव्ह या सुमारे ८० मीटर उंचीच्या कड्याखालून जे पाणी बाहेर येते ते याच ओढ्याचे असावे असे पाहणाऱ्याला वाटते, परंतु पाण्यात रंग मिसळून घेतलेल्या चाचण्यांतून टार्नचे पाणी मॅलम गावाच्या खालच्या झऱ्यांत निघते आणि कोव्हखालचे पाणी दुसरीकडून येते असे दिसून आले आहे. जमिनीखाली दोन्ही प्रवाह एकमेकांना ओलांडून जातात, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

तुमच्या शांत रस्त्यांचे कारणही यातच आहे. पाणी जिथे झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते तिथे, म्हणजे दरीच्या तळाशी, गावे वसली. वरच्या पठारावर कुरण तेवढे उरले. गाव नाही म्हणून मोठा रस्ता नाही.

ए-२०१ : सर, हे वाचून त्या रस्त्यांकडे पुन्हा नव्याने पाहावेसे वाटते. ताई, कोव्हच्या माथ्यावर जायला वेळ नक्की काढा. सायकल खाली गावात लावून पायऱ्यांनी चढावे लागते. वर चुनखडीची सपाट फरशी पसरलेली आहे. हिमयुगातल्या हिमनद्यांनी वरची माती खरवडून नेली आणि उघड्या पडलेल्या दगडात पाण्याने आडव्या-उभ्या खाचा पाडल्या. वरून ती अगदी उजाड दिसते, पण वाकून खाचेत पाहिले तर आत नेच्याची लांबट, चकचकीत पाने दिसतात, कारण तिथे सावली आणि ओल असते व मेंढीचे तोंड पोहोचत नाही. दगड झिजून गुळगुळीत झालेले आहेत, म्हणून सायकलचे क्लीटचे (पेडलला अडकणाऱ्या पट्टीचे) बूट घालून त्यावर चालू नये. तिथला एक तुकडाही उचलू नये. बागा सजवण्यासाठी अशा फरशा इतक्या उखडल्या गेल्या की १९८१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण द्यावे लागले.

सी-७०४ : खूप उपयुक्त माहिती मिळाली. ह्यांच्या गुडघ्यामुळे बॅटरीवरची सायकल घ्यावी का, आणि रस्त्यावर आणखी कशाची काळजी घ्यावी, तेही कृपया सांगावे.

ए-२०१ : अवश्य घ्यावी. गुडघ्यावरचा ताण कमी होईल आणि दोघांना बरोबर राहता येईल. बॅटरी मात्र उभ्या चढांवर लवकर उतरते, म्हणून सपाटीवर साहाय्य कमीत कमी ठेवावे.

तिथेही वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे सवय बदलावी लागत नाही. रस्ता एका मोटारीपुरताच असतो आणि ठिकठिकाणी बाजू देण्यासाठी जागा केलेल्या असतात. मागून मोटार आली तर अशा जागेपर्यंत निवांत जाऊन तिला वाट द्यावी, घाबरून गवतात उतरू नये. मेंढ्या रस्त्यावरच बसलेल्या असतात आणि कोकरू एका बाजूला व आई दुसऱ्या बाजूला असेल तर ते ऐन वेळी आडवे धावते, म्हणून उतारावर वेग आवरावा. गुरांनी ओलांडू नये यासाठी काही ठिकाणी रस्त्यात खड्डा करून त्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांवरून हँडल सरळ ठेवून काटकोनात जावे, ओल्या पट्ट्यांवर ब्रेक लावू नये आणि सायकल वळवू नये. काही रस्त्यांवर फाटकेही आहेत. इंगलटनजवळून किंग्जडेलमार्गे डेंटला जाणाऱ्या रस्त्यावर ती उतरून उघडावी लागतात, आणि याच कारणाने मोटारचालक तो रस्ता टाळतात. फाटक आपल्यामागे न विसरता लावावे. त्या रस्त्याने डीपडेलमध्ये उतरताना उतार फार तीव्र आहे. पाऊस असेल तर तो बेत रद्द करावा.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशासंस्थेचा पन्नास हजारांश प्रमाणाचा ९८ क्रमांकाचा नकाशा विकत घ्यावा. सेटल, मॅलम, आर्नक्लिफ, केटलवेल हे सारे एकाच कागदावर आहे. पिवळे रस्ते आपले, लाल आणि नारिंगी टाळायचे. रस्त्यावर एक बाण छापलेला असेल तर चढ सातास एक (सात मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर) ते पाचास एक, आणि दोन बाण असतील तर त्याहूनही उभा समजावा. दरीत मोबाइलला अनेकदा रेंज नसते, तेव्हा हा कागदच उपयोगी पडतो.

डी-१०२ : आणि वारा?

ए-२०१ : बहुधा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून असतो. त्यामुळे सकाळी ताजे असताना वाऱ्याला तोंड द्यावे आणि परतीला तो पाठीशी घ्यावा.

सी-७०४ : मग पहिल्या दिवशी कॉनिस्टोनचा रस्ता, एक दिवस मॅलमला पायी, आणि सेटलचा फेरा आठवड्याच्या मधल्या वारी असे ठरवते. लीड्सहून सायकली रेल्वेने नेता येतील ना?

ए-२०१ : येतील, पण एका गाडीत साधारण दोनच सायकलींना जागा असते आणि जो आधी येईल त्याला ती मिळते. तुम्ही दोघेच आहात, तरीही सकाळची पहिली किंवा दुसरी गाडी धरावी आणि ती चुकल्यास पुढच्या गाडीची तयारी ठेवावी. सेटलला सायकली भाड्याने मिळाल्या तर तोही प्रश्न उरणार नाही. मुलीला आत्ताच चौकशी करायला सांगा, जूनमध्ये बॅटरीच्या सायकली लवकर संपतात.