पाणी आहे, पण उंची कुठं आहे?

प्रश्न असा आहे की कोल्हापूर महापालिकेनं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर स्वतःचं छोटं जलविद्युत केंद्र का काढू नये. शहरानं वीज करणं नवं नाही. दार्जिलिंग नगरपालिकेचं सिद्रापोंग केंद्र १८९७ सालचं, ६५ किलोवॅटचे दोन संच. पण तिथं डोंगरउतार होता.

आपल्याकडं अडचण उंचीची आहे. सेकंदाला १ घनमीटर पाणी १० मीटर खाली पडलं, तर टर्बाइन-जनित्रात वाया जाणारी ऊर्जा धरून साधारण ८० किलोवॅट मिळतात. बंधाऱ्याची उंची त्याहून बरीच कमी. शिवाय पावसाळ्यात पंचगंगा फुगली की बंधाराच पाण्याखाली. वरची आणि खालची पातळी जवळजवळ एक होते. म्हणजे पाणी असतं तेव्हा उंची नसते, आणि उन्हाळ्यात पाणीच नसतं.

काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनवर टर्बाइन बसवायचं म्हणाल, तर ते पाणी आधी पंपानं उचललेलं. घातलेल्या विजेपेक्षा जास्त परत कशी मिळणार?

खरी उंची राधानगरीच्या पायथ्याला. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या त्या धरणाखाली वीजगृह आहेच. शेतीला आणि नदीला सोडायचं पाणीच आधी टर्बाइनमधून जातं, मला तो मेळ फार मोलाचा वाटतो. महापालिकेनं पैसा घालायचाच, तर आधी उपसा पंपांची कार्यक्षमता तपासावी.