मदत हवी आहे: न्यू साऊथ वेल्स, १८८० ची निवडणूक, एका मतदारसंघातून चार आमदार, टक्केवारी कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

जुन्या निवडणुकांचे मतदारसंघनिहाय निकाल गोळा करून एक्सेलमध्ये लावायचा मला नाद आहे. सध्या सिडनीत राहतोय म्हणून इथल्याच, म्हणजे न्यू साऊथ वेल्स ही ब्रिटिशांची वसाहत होती त्या काळातल्या विधानसभेच्या निवडणुका घेतल्यात. १८५९ पासून लावत आलो आणि १८८० ला येऊन अडलोय, जाणकारांनी जरा हात द्या.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण ती माहीत नसेल तर प्रश्नच कळणार नाही. १८८० मध्ये इथे नवा निवडणूक कायदा आला, त्यात असं ठरलं की मतदारसंघात जितके मतदार जास्त तितके आमदार जास्त. ३,००० मतदार झाले की दुसरा आमदार, ५,००० ला तिसरा आणि ८,००० ला चौथा. त्यामुळे १८८० ला सभागृह १०८ जणांचं झालं आणि मग मतदार वाढतील तसतसं फुगत जाऊन १८९१ ला १४१ वर गेलं. खेड्यापाड्याकडचे बरेच मतदारसंघ एकसदस्यीय, पण सिडनी शहरातले चार-चार आमदारांचे. उदाहरणार्थ ईस्ट सिडनी. तिथे १८८० ला जॉर्ज रीड पहिल्या क्रमांकाने आला, जो पहिल्यांदाच उभा होता, आणि स्वतः प्रीमियर (म्हणजे वसाहतीच्या सरकारचे प्रमुख) हेन्री पार्क्स निवडून आले पण रीडच्या मागे! हा रीड पुढे ऑस्ट्रेलियाचा पंतप्रधान झाला, त्यामुळे हा निकाल मला अगदी बरोबर लावायचाय.

आता प्रश्न.

१) चार जागा असल्या की प्रत्येक मतदाराला चार मतं, पण चारही द्यायलाच हवीत असं नाही, एकाच आवडत्याला मत देऊन बाकीची नावं खोडली तरी मतपत्रिका चालायची. पेपरात छापून येतात ती फक्त उमेदवारांची मतं. किती माणसांनी मतदान केलं हे बऱ्याच ठिकाणी मिळतच नाही. मग टक्केवारी एकूण मतांवर काढू की मतदारांवर? पहिल्या पद्धतीने सगळ्यात लोकप्रिय माणूस १५-२० टक्क्यांवर दिसतो, जे वाचून कुणालाही वाटेल की हा कसाबसा आला, आणि दुसरीसाठी आकडाच नाही.

२) बिनविरोध निवडून आलेल्यांच्या मतांच्या रकान्यात शून्य टाकू की रिकामं ठेवू?

३) पक्षाचा रकाना काय भरायचा? काही याद्यांमध्ये १८८० च्या लोकांपुढे पण फ्री ट्रेड (खुला व्यापार हवा म्हणणारे), प्रोटेक्शन (आयातीवर कर लावून स्थानिक धंद्यांना संरक्षण हवं म्हणणारे) असं लिहिलेलं दिसतं.

४) १८८० च्या आधीच्या निकालांत गोल्डफील्ड्स नॉर्थ, साऊथ, वेस्ट असे मतदारसंघ आहेत आणि एक चक्क सिडनी विद्यापीठाचा आहे. हे नकाशावर कसे दाखवायचे?

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

छान विषय काढलात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे.

दोन्ही टक्केवाऱ्या खऱ्या आहेत, फक्त त्या वेगवेगळ्या गोष्टी सांगतात, म्हणून एकाच रकान्यात कधीही मिसळू नका. एकूण मतांवर काढली की "सगळ्या मतांपैकी याला किती" हे कळतं आणि बेरीज १०० येते. मतदारांवर काढली की "किती लोकांना हा हवा होता" हे कळतं आणि चार जागा असतील तर बेरीज ४०० पर्यंत जाऊ शकते. मला विचाराल तर तुमच्या कामात पहिली ठेवा आणि शेजारी जागा किती हा रकाना ठळक ठेवा, म्हणजे वाचणारा गोंधळणार नाही.

आता मतदारांचा आकडा नसला तरी कमीत कमी किती लोक आले असतील हे नक्की काढता येतं. समजा चार जागा आहेत, सगळ्यांची मिळून १४,००० मतं आणि पहिल्याला ३,९०० मतं. एका माणसाची जास्तीत जास्त चार मतं, म्हणजे निदान ३,५०० माणसं आलीच असणार. पण एका उमेदवाराला एक माणूस एकच मत देऊ शकतो, म्हणजे पहिल्याच्या ३,९०० मतांसाठी ३,९०० माणसं लागलीच. दोन्हीतला मोठा आकडा घ्यायचा, ३,९००. त्यावरून हेही कळतं की सरासरी प्रत्येकाने साधारण ३.६ पेक्षा जास्त मतं दिलेली नाहीत, म्हणजे काही लोकांनी हातची मतं वापरलीच नाहीत. हा शोध फार मोलाचा आहे, तो अंदाज म्हणून वेगळ्या रकान्यात जरूर नोंदवा, पण प्रत्यक्ष मतदान म्हणून नको.

बिनविरोधला रिकामं ठेवा, शून्य अजिबात नको. शून्य टाकलं की सरासरी काढताना तो आकडा धरला जातो. आणि मतदानाची टक्केवारी काढताना त्या मतदारसंघातले नोंदलेले मतदार भागाकारातून बाहेर काढा, कारण त्यांना मत द्यायची संधीच आली नव्हती.

अजून एक. तेव्हा ज्याची मालमत्ता दोन-तीन मतदारसंघांत असेल त्याची नोंद प्रत्येक ठिकाणी व्हायची आणि मतदान वेगवेगळ्या दिवशी असल्यामुळे तो खरोखर सगळीकडे जाऊन मत देऊ शकायचा. हे १८९३ च्या कायद्याने बंद झालं. म्हणून १८८० च्या सगळ्या याद्यांची बेरीज म्हणजे तितकी माणसं असं समजू नका.

प्रतिसाद २

पक्षाबद्दल: १८८० ला पक्ष नव्हतेच, गट होते, ते पण माणसाभोवती. पार्क्सचा गट, माजी प्रीमियर जॉन रॉबर्टसनचा गट, आणि १८७८ च्या शेवटापासून तर दोघे एकाच सरकारात. फ्री ट्रेड विरुद्ध प्रोटेक्शन अशी सरळ लढत १८८७ पासून. त्या याद्या करणाऱ्यांनी माणूस पुढे ज्या पक्षात गेला ते नाव मागे नेऊन चिकटवलंय. कृपया तसं करू नका, रकाना रिकामा ठेवा, फार तर "सरकारच्या बाजूने / विरोधात" असं लिहा, तेसुद्धा त्या वेळच्या पेपरात तसं म्हटलं असेल तरच.

गोल्डफील्ड्सवाले मतदारसंघ खाणकामगारांचे. ज्याच्याकडे सोनं शोधायचा परवाना तो मतदार, त्यामुळे नेहमीसारखी मतदारयादी नाही आणि हद्द पण बाकीच्या मतदारसंघांच्या डोक्यावरून गेलेली. नकाशात वेगळा थर करा. विद्यापीठाला तर भूगोलच नाही, तिथले पदवीधर मतदार. १८७६ ला तिथे विंडियरला ४९ आणि एडमंड बार्टनला ४३ मतं पडली होती, एवढाच खेळ! बार्टन पुढे देशाचा पहिला पंतप्रधान. विद्यापीठाला तुमच्या नकाशात एक ठिपका द्या.

प्रतिसाद ३

आपल्याकडे १९५२ च्या लोकसभेला द्विसदस्यीय मतदारसंघ होते की, मुंबई शहर उत्तर, जिथे बाबासाहेब हरले. मतदाराला दोन मतं, एका उमेदवाराला एकच. ते निकाल लावताना हाच टक्केवारीचा घोळ होतो, तेव्हा एकदा पद्धत ठरवलीत की ती इकडेही वापरता येईल.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, खासकरून तो कमीत कमी मतदारांचा हिशेब मला सुचलाच नसता. आज रात्रीच ईस्ट आणि वेस्ट सिडनीवर लावून बघतो.

यातून अजून एक अडचण पुढे आलीय. मतदान एका दिवशी नसल्यामुळे, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत चाललेलं असल्यामुळे, एकीकडे हरलेला माणूस त्याच निवडणुकीत दुसरीकडे उभा राहू शकतो. १८८२ ला पार्क्स ईस्ट सिडनीत पडले आणि टेंटरफील्डमधून सभागृहात आले. माझ्या शीटमध्ये एका निवडणुकीत एक उमेदवार एकच ओळ असं आहे. आणि मंत्री झाल्यावर जागा सोडून पुन्हा निवडून यायची जी पद्धत होती, ते निकाल कुठे टाकू?

प्रतिसाद १

ओळ उमेदवाराची नको, उमेदवारीची करा. माणसाला एक क्रमांक द्या आणि तो जिथे जिथे उभा राहिला तिथे वेगळी ओळ, पार्क्सच्या १८८२ साठी दोन ओळी येतील. मतदानाची तारीख प्रत्येक मतदारसंघाला स्वतंत्र लिहा, पुढे उपयोग होतो, कारण आधीचे निकाल कळल्यावर नंतरच्या ठिकाणी कोण उभं राहिलं ते दिसतं. १८९४ पासून सगळीकडे एकाच दिवशी मतदान आणि १२५ एकसदस्यीय जागा झाल्या, तिथून पुढे तुमचं काम खूप सोपं होईल.

मंत्र्यांच्या फेरनिवडणुका पोटनिवडणुकांच्या वेगळ्या शीटमध्ये टाका आणि कारणाचा रकाना ठेवा. रीडचंच बघा, मंत्री झाला, पुढे १८८४ ला तांत्रिक कारणावरून त्याची जागाच रद्द ठरली आणि पोटनिवडणुकीत हरला. कारण लिहिलं नाही तर हे कुणाला उलगडणार नाही.

आणि पेपरचे आकडे ट्रोव्हवरून (ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची साइट, तिथे जुने पेपर स्कॅन करून ठेवलेत) घेत असाल तर स्कॅनच्या मजकुरावर विसंबू नका, ३ चा ८ सर्रास होतो, मूळ पानाचा फोटो उघडून बघा. बऱ्याचदा केंद्रनिहाय मतं पण छापलेली असतात, त्यांची बेरीज करून एकूण जुळतंय का ते तपासा. ईस्ट सिडनीची शीट झाली की इथे टाका, मी पडताळून देतो.