डेव्हिल्ड पदार्थ म्हणजे नेमकं काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत महिनाअखेरीला परदेशी पदार्थांचं जेवण ठरलंय आणि मी ‘डेव्हिल्ड’ काहीतरी करीन असं सांगून बसले आहे. आता शोधायला घेतलं तर एका नावाखाली चार पदार्थ निघाले आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही.

न्यू जर्सीला नणंदेकडे डेव्हिल्ड एग्ज म्हणजे उकडलेल्या अंड्यांचे अर्धे भाग, बलक मेयोनेझ आणि मोहरीच्या सॉसमध्ये कालवून परत भरलेला, वरून पॅप्रिकाची चिमूट. गार आणि सौम्य. कोलकात्यात डेव्हिल म्हणतात ते खिम्यात गुंडाळून तळलेलं अंडं. श्रीलंकेत मेन्यूकार्डावर डेव्हिल्ड कोळंबी, डेव्हिल्ड चिकन, डेव्हिल्ड काजू अशी रांगच, आणि सगळं झणझणीत. शिवाय डेव्हिल्स फूड केक, तो तर गोड!

यातलं मूळ कोणतं? ही शिजवण्याची पद्धत आहे की नुसतं ‘तिखट’ म्हणायची रीत? मोहरी हवीच का? आणि आमच्याकडे निम्मे लोक शाकाहारी आहेत. ओढूनताणून पनीर घालून नाव द्यायचं नाही, खरोखर त्या घराण्यातलंच काही हवं आहे. जाणकारांनी मदत करा.

प्रतिसाद

मूळ इंग्लंडचं. अठराव्या शतकाच्या शेवटी, 1786 च्या सुमारास, ‘डेव्हिल’ हा शब्द पदार्थाच्या अर्थाने इंग्रजी छापील मजकुरात दिसतो. तिखट लावून भाजणं या अर्थाचं क्रियापद 1800 पर्यंत रुळलं होतं. कारण सरळ आहे: नरक म्हणजे आग, आणि तोंडात आग लावणारा पदार्थ तो डेव्हिल.

तेव्हा यात अंडी नव्हतीच, होती ती हाडं. रविवारच्या मोठ्या रोस्टमधून उरलेली, थोडं मांस चिकटलेली हाडं, टर्कीच्या तंगड्या, बकऱ्याचे गुर्दे. मांसाला सुरीने चिरा द्यायच्या, त्यांत मोहरीची पूड, केयेन मिरची, मीठ आणि लोणी चोळायचं आणि कडक निखाऱ्यावर भाजायचं. रात्री उशिरा दारूबरोबर किंवा सकाळी न्याहारीला हे खात. पुढे त्यात ओला आणि सुका असे दोन प्रकार पडले. सुका म्हणजे नुसता भाजलेला, ओला म्हणजे वरून तिखट सॉस ओतलेला. 1837 पासून वूस्टर सॉस (आंबट-खारट इंग्रजी सॉस) बाटलीत विकत मिळू लागला आणि ओल्या डेव्हिलमध्ये तो हमखास पडू लागला.

मला हा सगळा प्रकार फार आवडतो, कारण तो शिळ्याला चव आणण्यासाठी जन्मलेला आहे. आदल्या दिवशीचं थंड, कोरडं मांस मोहरी-मिरचीशिवाय घशाखाली उतरणं कठीण. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: मुळात ती पद्धतच होती, नुसतं ‘तिखट’ हा अर्थ नंतर उरला.

प्रतिसाद

अमेरिकेचं सांगते, इथे बरीच वर्षं राहते म्हणून. उकडलेल्या अंड्यांवर मसालेदार सॉस घालून खायची रीत रोमन काळापासून आहे आणि तेराव्या शतकातल्या अंदालुसियात (दक्षिण स्पेन) कोथिंबीर, कांद्याचा रस, मिरी घालून बलक परत अंड्यात भरत. डेव्हिल्ड हे नाव त्यांना फार उशिरा चिकटलं. बॉस्टनच्या अंडरवुड कंपनीने 1868 मध्ये मसाला घालून बारीक केलेलं हॅम डब्यात भरून विकायला सुरुवात केली आणि 1870 मध्ये लाल सैतानाचं चित्र ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. नाव घरोघरी पोचलं. नंतर अंड्यांत मेयोनेझ शिरलं आणि तिखटपणा हरवला. दक्षिणेकडे चर्चच्या जेवणांत आजही ‘डेव्हिल’ म्हणणं टाळून ‘स्टफ्ड’ किंवा ‘ड्रेस्ड’ एग्ज म्हणणारे लोक आहेत.

केक या घराण्यातला नाही, तो बाजूला ठेवा. पांढऱ्याशुभ्र एंजल फूड केकच्या समोर गडद चॉकलेटचा म्हणून त्याला ते नाव.

प्रतिसाद

कोलकात्याचा ‘डिमेर डेव्हिल’ चॉप-कटलेटच्या पंगतीतला आहे. उकडलेलं अंडं, बाहेर मसालेदार खिमा, त्यावर ब्रेडचा चुरा, मग तळण. मोहरी आत नाही दिसली तरी ताटात आहे: तो कासुंदीबरोबर खातात आणि कासुंदी म्हणजे आंबवलेली वाटलेली मोहरीच.

प्रतिसाद

श्रीलंकेतला डेव्हिल्ड आता चिनी वळणाचा आहे. मोठ्या आचेवर कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो, सोया आणि चिली सॉस. आपल्याकडच्या चिली चिकनचा भाऊच म्हणा. पिण्याबरोबरच्या खाण्याला तिथे ‘बाइट्स’ म्हणतात, त्यात याचा मान पहिला. काजू मात्र सॉसशिवाय: तळून गरम असतानाच तिखट, मीठ आणि तळलेला कढीपत्ता.

मी गोव्याचा, म्हणून एक भर. मलाक्क्यातल्या (आजच्या मलेशियातलं बंदर) पोर्तुगीज वंशाच्या क्रिस्तांव समाजात ‘करी देबाल’, म्हणजे डेव्हिल करी, आहे. नाताळात उरलेलं मांस सुक्या मिरच्या, मोहरी आणि व्हिनेगर घालून शिजवतात. गोवा पोर्तुगीजांनी 1510 मध्ये घेतलं, मलाक्का 1511 मध्ये. व्हिनेगरचा तो आंबट दणका आमच्या विंदालूत आहेच. इथेही पुन्हा उरलेलं मांस आणि मोहरी, बघा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! म्हणजे मोहरी आणि मिरची दोन्ही हव्यात. आता दोन अडचणी. इंग्रजी मोहरीची पूड इथे सहज मिळत नाही, आणि मी घरची मोहरी वाटून गरम पाण्यात कालवली तर नुसती कडू लागली, झटका आलाच नाही. केयेनऐवजी काय घालू? शाकाहाराचंही कुणीतरी सांगा ना.

प्रतिसाद

ताई, पाणी गार घ्या. मोहरी वाटून पाण्यात कालवली की तिच्यातलं एक एन्झाइम कामाला लागतं आणि तो नाकात जाणारा झटका तयार होतो. गरम पाण्याने ते एन्झाइम मरतं. व्हिनेगर किंवा लिंबूही सुरुवातीला नको, त्याने झटका दबतो. काकडीच्या कोशिंबिरीला मोहरी फेसतात तशी गार पाण्यात चांगली फेसा, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग आंबट घाला. मोहरीचा झटका शिजताना उडून जातो, मिरचीचा राहतो. म्हणून भाजायच्या पदार्थात मिरची सढळ घाला आणि थोडी फेसलेली मोहरी शेवटी वरून लावा.

केयेनऐवजी संकेश्वरी तिखट घ्या. बेडगी नको, तिने रंग येईल, आग नाही.

शाकाहारासाठी अस्सल उत्तर आहे: अँग्लो-इंडियन डेव्हिल चटणी. भुसावळ, इगतपुरीसारख्या रेल्वेच्या गावांत या समाजाच्या वसाहती होत्या. पिवळ्या नारळीभाताबरोबर आणि कोफ्त्याच्या करीबरोबर ही चटणी असते. दोन लाल कांदे, मूठभर बेदाणे, एक-दोन चमचे तिखट, दोन चमचे साखर, मीठ, दोन-तीन चमचे व्हिनेगर, सगळं एकत्र वाटायचं. शिजवायचं काही नाही. सोबत वर सांगितलेले काजू ठेवा, शाकाहारी मंडळींना दोन पदार्थ झाले.

धागाकर्ती

चटणी आदल्या दिवशी करून ठेवली तर चालेल का?

प्रतिसाद

नको. कांदा कच्चा आहे, त्याच दिवशी वाटा. काजू आदल्या दिवशी तळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेत तरी चालतील, फक्त कढीपत्ता पूर्ण कुरकुरीत तळा, नाहीतर त्याच्या ओलाव्याने काजू मऊ पडतात.