पाच वर्षांची नात, सहासष्ट वर्षांचे आजोबा आणि पुणे ते सावंतवाडी: तुम्ही पाठवाल का?

मधली सून
सासरे ६६, सासूबाई ६३. गाव सावंतवाडीजवळ. दर मे महिन्यात सगळे मिळून जातो, पण यंदा मला नि नवऱ्याला रजा नाही. बाबांनी परवा जेवताना जाहीर केलं, "नातीला आम्ही दोघं घेऊन जातो." म्हणजे पुणे, कोल्हापूर, आजरा, आंबोली अशी पावणेचारशे किलोमीटरच्या आसपासची वाट, आणि गाडी एकटे बाबा चालवणार.
बाबांचा हात चांगला आहे, खोटं कशाला बोलू. पण दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि जेवणानंतर त्यांचे डोळे जड होतात, हे मी शेजारी बसून पाहिलंय. लेकीची चाइल्ड सीट गाडीत आहे. त्यावर सासूबाईंचं म्हणणं, "पोरीला बांधून काय ठेवायचं, माझ्या मांडीवर झोपेल." नको म्हटलं तर घरात महाभारत, हो म्हटलं तर आठवडाभर माझी झोप उडणार. काय करू?

घाटमाथा
पाठवा हो. आम्ही ट्रॅक्सच्या मागच्या फळीवर अकरा जण बसून जोतिबाला जायचो, कुणाला काही झालं नाही. आजोबांनी चाळीस वर्षं गाडी चालवली असेल. तुमच्या पिढीला सगळ्याचीच भीती.

बर्लिनकर
घाटमाथा, ज्यांना काही झालं ते इथे येऊन लिहीत नाहीत, एवढंच.
माझ्या इथे बारा वर्षांखालच्या आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला वेगळ्या सीटशिवाय गाडीत बसवता येत नाही. आजीच्या मांडीवर तर नाहीच. आमची आई इथे आली तेव्हा तिनेही "बांधून ठेवलंय बिचाऱ्याला" म्हणून डोळे पुसले होते. चौथ्या दिवशी नातवाचा बेल्ट तीच ओढून बघायला लागली.

घाटमाथा
ते जर्मनी झालं. इथलं बोला.

निवृत्त अभियंता
इथलंच सांगतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात कलम १९४-ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा चाइल्ड सीटमध्ये सुरक्षित बसवलेलं नसेल तर १००० रुपये दंड. कोण अडवतं, हा प्रश्न वेगळा.
दंड सोडा, गणित बघा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून थांबली, तर आत मोकळं बसलेलं मूल त्याच वेगाने पुढे जातं. तो वेग म्हणजे साधारण १४ मीटर उंचीवरून पडल्यावर येतो तेवढा. चौथा-पाचवा मजला समजा. एवढ्या झटक्यात कुठल्याच आजीच्या हातात अठरा किलोचं मूल राहत नाही. आणि आजीने स्वतः बेल्ट लावला नसेल तर आजीचं सगळं वजन पोरीवर येतं. हे सासूबाईंना सांगा, पण नवऱ्याच्या तोंडून. सुनेने सांगितलं की त्याचा टोमणा होतो.
मी स्वतः ६८ आहे. "वय झालं, चालवू नका" या सुराला माझा सक्त विरोध आहे. पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनीच नूतनीकरण होतं, डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यांचं ते झालंय ना, एवढं विचारा. मोतीबिंदू काढल्यावर उलट स्पष्ट दिसतं. त्रास होतो तो रात्री, समोरच्याचा अप्पर डोळ्यांत आला की. मग रात्री चालवायचं नाही, विषय संपला.

नको म्हणणारी
संपला कसा? माझे वडील ६४ चे होते, तब्येत ठणठणीत. माझ्या मुलाला घेऊन कोल्हापूरहून परत येत होते. कोल्हापुरात मटणाचं ताट, तांबडा-पांढरा सगळं साग्रसंगीत झालं आणि दुपारी दोनला निघाले. कराड सोडल्यावर डुलकी लागली. गाडी दुभाजकाला घासत गेली. नशिबाने डावीकडची लेन रिकामी होती आणि कुणाला खरचटलंही नाही. पण ही गोष्ट मला वडिलांनी नाही सांगितली. मुलाने सांगितली, तीन महिन्यांनी. "आजोबांनी सांगितलंय आईला बोलायचं नाही."
माझा राग डुलकीवर नाही, तिथे आहे. सात-आठ तास एकच चालक, शेजारी चालवता न येणारी आजी आणि मागे "भूक लागली, शू आली, उलटी होतेय" म्हणणारं मूल. यात चूक झाली तरी ती कबूल करणार कोण? मी पाठवणार नाही. वाईटपणा घेईन.

दोन नातवांची आजी
बाई गं, तुझं खरं आहे. तरी माझंही ऐक.
आम्ही दोघं मोठ्या नातवाला सहाव्या वर्षी नाशिकहून कोल्हापूरपर्यंत घेऊन गेलो, तीन दिवसांत. घरी तो कुणाशी धड बोलत नसे. गाडीत पर्याय नव्हता, मोबाइल मी पिशवीत खाली घातला होता. (तसाही मोबाइलकडे बघत बसलं की पोरांना गाडी लागतेच.) पुढच्या ट्रकवर काय लिहिलंय ते वाचायचं, हा खेळ. "आईचा आशीर्वाद" त्याने अक्षरं लावून लावून वाचलं आणि विचारलं, "ट्रकला आई असते?" हे म्हणाले, "ड्रायव्हरला असते." त्यावर तो बराच वेळ गप्प. मग म्हणतो, "मग ती रात्री जेवायला थांबते का त्याच्यासाठी?" हे तुमच्या सुट्टीच्या शिबिरात मिळतं का?
आजी-आजोबांकडे अशी फार वर्षं नसतात. आमचे हे आता गाडी चालवत नाहीत.

निवृत्त अभियंता
"तीन दिवसांत" हे शब्द कुणी वाचले का?

घाटमाथा
आंबोलीने कशाला जायचं मुळात? राधानगरीवरून फोंडा घाट धरा, रहदारी कमी.

कुडाळी
फोंड्याने कणकवलीला उतरशील, मग सावंतवाडीसाठी परत दक्षिणेला ये. सावंतवाडीला आंबोलीच सरळ. फक्त संध्याकाळी नको. मे महिन्यातही वळवाची सर येते, धुकं उतरतं आणि पुढची वळणं दिसत नाहीत.
बाकी चेडवाक घेवन येवा, फणस पिकलो हा.

बर्लिनकर
रेल्वे का नाही, हे कुणी विचारलंच नाही.

मधली सून
तुतारी एक्सप्रेस दादरहून सुटते. पुण्याहून सामान, आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि पाच वर्षांचं मूल घेऊन दादर गाठायचं म्हणजे तिथेच निम्मा जीव जातो. बाबांचं म्हणणं याबाबतीत मला पटतं.

औषधांची पिशवी
मी बाजू घेत नाही, पण एक सांगते. मुलाच्या तापाच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो. "अर्धी गोळी दे" हा आज्यांचा हिशेब चालत नाही. तुमच्या डॉक्टरांकडून ताप, उलटी, जुलाब यांचं मापासकट लिहून घ्या आणि कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. फोनवर पाठवलेला फोटो घाटात उघडत नाही.

मधली सून (दहा दिवसांनी)
सगळ्यांचं वाचलं. "नको म्हणणारी", तुमचं तर रात्री दोनदा वाचलं.
मी नाही म्हटलं नाही. रविवारी साताऱ्यापर्यंत रंगीत तालीम करू म्हटलं, कंदी पेढ्यांच्या निमित्ताने. चालवणार बाबा, मी मागे लेकीशेजारी, तोंड बंद. जाताना खंबाटकी घाटात बाबांनी एकाही ट्रकला ओव्हरटेक केलं नाही. माझा नवरा तिथे हमखास करतो. परत येताना बोगदा लागला तेव्हा लेक सीटमध्ये पट्टे लावून गाढ झोपली होती, मान एका बाजूला, हातात अर्धा पेढा. बोगदा चुकला म्हणून घरी येऊन रडारड झाली ती वेगळीच. सासूबाई मागे वळून तिच्याकडे बघत म्हणाल्या, "हिला यात बरं पडतं की गं." मी काहीच बोलले नाही. अभियंता काकांचा चौथा मजला नवऱ्याने आदल्या रात्रीच सांगितला होता.
ठरलंय ते असं: पहाटे साडेपाचला निघायचं, कोल्हापुरात मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी आंबोली उतरायची. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर रुंदीकरणाची वळणं आहेत, तिथे घाई नाही. दर थांब्यावर फोन. मुक्कामाचं ऐकून बाबांनी "म्हणजे मी म्हातारा झालो तर" म्हणून दोन दिवस तोंड फुगवलं. मग सासूबाईंनी अंबाबाईचं दर्शन काढलं आणि मुक्काम एकदम त्यांचाच बेत झाला.

नको म्हणणारी
मुक्काम चांगला. तरी एकदा लेकीला एकटीला घेऊन बसा आणि सांगा, गाडीतलं कुठलंच गुपित आईपासून ठेवायचं नसतं. आजोबांसमोर नको.

घाटमाथा
पावणेचारशे किलोमीटरला मुक्काम! आमच्या वेळी सांगितलं असतं तर हसले असते लोक.

दोन नातवांची आजी
हसू देत. सावंतवाडीच्या चितार आळीतून, लाकडी खेळण्यांच्या बाजारातून, लाकडी बैलगाडी आणायला सांग तिला.