मदत हवी आहे: प्लॅनेरियाचा एकच तुकडा का वाढला नाही?

नमस्कार मंडळी. मुलगी दहावीत आहे. पुनर्जननाच्या, म्हणजे तुकड्यापासून पुन्हा अख्खा प्राणी होण्याच्या, धड्यात प्लॅनेरिया या चपट्या किड्याचं नाव वाचल्यापासून तिला ते डोळ्यांनी बघायचं होतं. ओळखीतल्या एका काकांच्या माशांच्या टाकीत रात्री दिवा लावला की काचेवर तपकिरी, चपटे, सेंटिमीटरभर लांब किडे सरकताना दिसतात. त्यांतले सहा आणले. आठवडाभर उपाशी ठेवले आणि बर्फावर बशी ठेवून नव्या ब्लेडने कापले. गारव्याने ते सुस्त पडतात, नाहीतर ब्लेड लागताच आखडतात.

चौथ्या दिवशी कापल्या जागी पांढरट टोकं आली. आठव्या दिवशी शेपटीच्या तुकड्यावर भिंगातून दोन काळे ठिपके दिसले. "बाबा, डोळे!" म्हणून ती ओरडलीच. मधल्या तुकड्याला पुढे डोकं, मागे शेपूट. कुठेही अदलाबदल नाही.

पण एका किड्याचं डोळ्यांच्याही पुढचं टोक तिने वेगळं कापलं होतं. ते दोन दिवस बशीत फिरलं आणि विरघळून गेलं. त्याच किड्याच्या उरलेल्या धडाला मात्र नवं टोक आलं! वहीत तिने लिहिलंय, 'माझी चूक झाली.' कोणती, ते तिलाही कळत नाही आणि मलाही नाही.

वाचलं ते असं: यांच्या अंगात निओब्लास्ट नावाच्या मूलपेशी असतात, एकूण पेशींच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या किंवा जास्तच. १८९८ मध्ये टी. एच. मॉर्गन या शास्त्रज्ञांनी शरीराच्या २७९व्या भागाएवढ्या तुकड्यापासूनही अख्खा प्राणी होतो असं नोंदवलं. आमचं टोक त्याहून मोठंच असेल. मग ते का मेलं? आणि कुठल्या जखमेवर डोकं यायचं, कुठल्या जखमेवर शेपूट, हे कोण ठरवतं? तिला समजेल असं कुणी सांगाल का? शनिवारी शाळेत प्रदर्शन आहे.

प्रतिसाद

दादा, आधी लेकीला सांगा की चूक काहीच नाही. मी प्राणिशास्त्र शिकवते, आणि हा तुकडा मला तिच्या अख्ख्या प्रयोगात सगळ्यात मोलाचा वाटतो. डोळ्यांच्या पुढच्या भागात आणि पोटाखालून बाहेर येणाऱ्या खाण्याच्या नळीत निओब्लास्ट नसतातच. हे दोन भाग एकटे वाढत नाहीत हे मॉर्गन यांनाही दिसलं होतं. तुकडा केवढा आहे ते सोडा, आत मूलपेशी आहेत का ते बघा.

क्ष-किरणांनी निओब्लास्ट मारले तर किडा लगेच मरत नाही, पण नवीन पेशी बनणं थांबतं आणि काही आठवड्यांत तो संपतो. २०११ मध्ये अमेरिकेत पीटर रेडिएन यांच्या प्रयोगशाळेत अशा किड्यांत दुसऱ्या किड्याचा एकेकच निओब्लास्ट सोडला. काही किडे त्यातून वाचले, आणि हळूहळू त्यांचं सगळं अंगच त्या एका पेशीच्या वंशाचं झालं. तक्त्यावर हे मोठ्या अक्षरात लिहायला सांगा.

डोकं-शेपटीचं असं आहे. विंट नावाचा संकेत शेपटीकडे जोरात असतो, डोक्याकडे मंद. डोक्याच्या दिशेला असलेल्या जखमेत नोटम हे जनुक जागं होतं आणि विंटला दाबतं, म्हणून तिथे डोकं. २००८ मध्ये विंटचा संकेत पुढे नेणारं बीटा-कॅटेनिन हे प्रथिन बंद पाडलं, तर शेपटीच्या जागीही डोकंच आलं. हे संकेत मुख्यतः स्नायूंच्या पेशी देतात, मूलपेशी ते ऐकतात.

आणि पाणी तांब्याच्या भांड्यातलं घेऊ नका हं. तांबं यांना विष आहे.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. तिने वहीतलं ते वाक्य खोडलं आणि खाली 'टोकात निओब्लास्ट नव्हते' असं लिहिलं. आज आणखी एका किड्याचं टोक कापलंय, तसंच होतं का बघायला. पुढच्या वेळचं पाणी आईच्या तांब्याच्या कळशीतलं घेणार होतो, ते आता स्टीलच्या पातेल्यात भरून ठेवलंय. नवं डोकं आलेल्यांना खायला कधीपासून द्यायचं? उकडलेल्या अंड्याचा बलक चालेल ना?