नेरुळहून घारापुरी एका दिवसात, सासूबाई आणि पोरांना घेऊन जमेल का?

सीवूड्सवाली
नमस्कार मंडळी, नाताळच्या सुट्टीत एक दिवस घारापुरीला म्हणजे एलिफंटाला जायचं डोक्यात आहे. अटल सेतूवरून जाताना दरवेळी मुलगा विचारतो ते डोंगरवालं बेट कुठलं, आणि एवढं जवळ राहून आम्ही कोणीच गेलेलो नाही. आम्ही दोघं, मुलगा चौथीत, धाकटी चार वर्षांची आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, सपाटीवर चालतात पण जिना म्हटलं की "तुम्ही जाऊन या" सुरू. वर 2024 च्या डिसेंबरमधला तो बोटीचा अपघात टीव्हीवर बघितल्यापासून त्यांना लाँचचीच धास्ती. रविवारी जावं का? गेटवेवरूनच जावं की इकडून जवळ पडेल? नवरा म्हणतो त्यापेक्षा मॉलला जाऊ, त्याचं सोडा.

कळव्याचा काका
रविवार अजिबात नको. हार्बरला मेगाब्लॉक लागला तर सीएसएमटीला पोचेपर्यंतच पोरं रडकुंडीला येतील, आणि गेटवेला जत्रा असते ती वेगळीच. सोमवारी लेणी बंद, म्हणजे मंगळ ते शुक्र. सकाळी नऊच्या सुमारास पहिली लाँच सुटते ती धरा, साधारण तासाभरात पोचता. तिकीट परतीचंच मिळतं, ते नीट ठेवा, आणि वरच्या डेकवर बसायचं तर बोटीवर थोडे जास्तीचे पैसे मागतात ते द्या खुशाल. शेवटची बोट साडेपाचची पण तिच्यासाठी थांबू नका, तिला चेंगराचेंगरी असते. लेण्यांचं तिकीट मोठ्यांना 40, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. लाइफ जॅकेट बोटीवर देतात, धाकटीसाठी लहान साईजचं आधीच मागा आणि उतरेपर्यंत काढू नका, लोक फोटोसाठी काढतात ते बघून डोकं फिरतं.

उरणकर
पहिली गोष्ट, घारापुरी मुंबईत नाही, आमच्या उरण तालुक्यात आहे, जिल्हा रायगड 😄 आमच्या मोरा बंदरावरून जवळ पडतं पण ओहोटीला तिथे गाळ उघडा पडतो आणि बोटी अडकतात, त्यामुळे म्हातारं माणूस सोबत असेल तर गेटवेच बरं.

दुसरं, जे कोणी सांगत नाही. सासूबाईंना त्रास पायऱ्यांचा कमी, बोटीत चढण्या-उतरण्याचा जास्त होईल. भरती असेल तर बोट धक्क्याच्या बरोबरीला असते, नुसतं पाऊल टाकायचं. ओहोटीला बोट खाली जाते, गर्दी असली की दोन बोटी एकमेकींना लावतात आणि एकीतून दुसरीत उडी मारत जावं लागतं. तेव्हा जायचा दिवस तिथी बघून ठरवा. आमच्याकडे सगळ्यांना पाठ असलेला हिशोब आहे, तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा, तेवढे वाजता पूर्ण भरती, अंदाजे. अष्टमी असेल तर आठाचे सहा, म्हणजे सहाला भरती आणि दुपारी बाराला ओहोटी, तुमच्यासाठी एकदम वाईट. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास दुपारी बाराला भरती, मग जाताना पण पाणी आणि दुपारी परतताना पण पाणी. उधाणाचे दिवस असतात खरे, पण थंडीत समुद्र शांत असतो, घाबरू नका.

मीनल ठाणे
उरणकर, हे भारी आहे, मी कित्येकदा गेलेय आणि हे डोक्यातच आलं नव्हतं 🙏

ताई, धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत खेळण्यातल्यासारखी छोटी गाडी आहे, मुलं त्यावरच खूष. मग साधारण 120 पायऱ्या, दोन्ही बाजूंनी माळा-टोप्यांची दुकानं, त्यामुळे सावली असते आणि दर दहा पायऱ्यांवर "हे बघू दे" करत आजी आपोआप वर पोचतात. माझ्या आईंचं असंच झालं, खाली येताना पिशवी भरलेली.

वर गेल्यावर पहिलं लेणं निवांत बघा, बाकीची घाईत बघितली तरी चालतील. त्रिमूर्ती साधारण वीस फुटांची आहे, बाहेरच्या उन्हातून आत आलं की आधी काहीच दिसत नाही, जरा थांबलं की अंधारातून तीन चेहरे बाहेर येतात, तिथे पोरांना गप्प बसवावं लागत नाही. मुलाला रावण कैलास हलवतोय ते शिल्प शोधायला सांगा. पुष्कळ मूर्ती तुटलेल्या आहेत, तो विचारणारच. आणि एलिफंटातला हत्ती कुठे असंही विचारेल, तर ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी नाव दिलं तो आता भायखळ्याला, राणीच्या बागेपाशी भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात आहे. म्हणजे पुढची सहल ठरली.

सानपाडा एक्सप्रेस
माकडं!!! हातात पाण्याची बाटली, वेफर्स काहीही दिसता कामा नये. डबा बोटीतच खाऊन घ्या.

उरणकर
बोटीत खा पण सीगलना कुरकुरे टाकू नका प्लीज. आणि बेटावर गावं आहेत, तीन, नुसती लेणी नाहीत. 2018 ला समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली तोवर रात्रीचे थोडे तास जनरेटरवर काढायचे लोक. जेवायचं तर तिथल्याच लोकांकडे जेवा.

सीवूड्सवाली
सगळ्यांना खूप थँक्यू. कालनिर्णय घेऊन बसले, सुट्टीत एक शुक्रवार चतुर्दशीचा सापडला, चौदाची पाऊणपट साडेदहा, बरोबर ना? सासूबाईंना हिशोब सांगितला तर त्या म्हणाल्या हे मला माहीतच होतं 😂 आता त्याच दिवस मोजतायत. फक्त एक, डोली मिळते ऐकलंय, ती धक्क्यावरच ठरवायची का?

कळव्याचा काका
नाही, डोलीवाले पायऱ्यांच्या सुरुवातीला बसतात. भाव आधी ठरवा, जाऊन-येऊन मिळून.

उरणकर
साडेदहा बरोबर. दीडच्या आत परतीची बोट धरा, नंतर पाणी बरंच उतरलेलं असेल, साडेचारच्या सुमारास पूर्ण ओहोटी.